नियमात बसेल एवढं आजारपण

‘‘आज डायलिसिस नाही करता येणार,’’ रक्ताचा रिपोर्ट बघत डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘‘अजून तेवढे आजारी नाहीत ते.’’

ती दिवसभर धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करून आली होती. नवरा बाकावर सुजलेले पाय पसरून बसला होता. गिलावा करणारा माणूस. मालाची पाटी उचलवेनाशी झाली, तेव्हा किडन्या गेल्याचं कळलं.

‘‘मग किती आजारी व्हायला हवं?’’

‘‘पोटॅशियम धोक्याच्या पातळीच्या वर जायला हवं. कागदांशिवाय सीमा ओलांडून आलेल्यांना जीव जायची वेळ आली तरच उपचार देता येतात. कायदा मी नाही केला, बाई.’’

तिच्या नणंदेलाही हाच आजार होता. बापाकडून दोघा भावंडांना मिळालेली एवढीच इस्टेट. लढाई पेटली तेव्हा नणंद नदीपलीकडच्या देशात गेली, हे दोघं इकडं आले. तिकडं निर्वासितांनाही नागरिकांसारखेच उपचार मिळत. नणंद आठवड्यातून तीनदा मशीनला लागायची आणि घरी जाऊन स्वयंपाक करायची.

‘‘अरे, तुला का नाही देत?’’ ती फोनवर विचारायची.

‘‘ताई, लहानपणापासून मोठा घास तुझ्याच ताटात,’’ तो हसून म्हणायचा. त्याच्या हसण्यानं बायकोचा संताप व्हायचा.

बाकावर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं तिला हळूच सांगितलं, ‘‘त्याला केळी भरव. पोटॅशियम चढतं. मग घेतात आत. आम्ही सगळे तेच करतो.’’

महिनोन्‌महिने जे तिनं घरात येऊ दिलं नव्हतं, ते ती फाटकाबाहेरून घेऊन आली. सोलून स्वतःच्या हातानं त्याला भरवलं.

‘‘इतके दिवस तरसवलंस,’’ तो म्हणाला. ‘‘गोड आहे गं.’’

तिनं तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं त्याची छाती धडधडू लागली, पाय जड पडले. पुन्हा रक्त घेतलं. आता तो नियमात बसत होता. स्ट्रेचर धावत आलं. बाकाखालची सालं बघून डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला.

‘‘हे काय केलंत? जीव गेला असता.’’

‘‘जाऊ लागला म्हणूनच तर घेतलात ना आत?’’ ती म्हणाली. ‘‘बुडणाऱ्याला विचारता, नाकापर्यंत आलंय का पाणी? नाही? मग थांब जरा. हा कसला कायदा?’’

डॉक्टरबाईंनी मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेचाही तिला राग आला.

त्या खेपेला तो वाचला. पुढच्या आठवड्यात ती कामावर असताना तो एकटाच दवाखान्यात निघाला. बायकोला पुन्हा भरवायला लागू नये म्हणून वाटेतच केळी खाऊन घेतली. रांगेत त्याचा नंबर यायच्या आत हृदय थांबलं.

ती पोचली तेव्हा त्याच्या अंगावर चादर घातलेली होती. तिनं नणंदेला फोन लावला. पलीकडून मशीनची घरघर ऐकू आली. थांबावं, नंतर सांगावं, असं तिच्या मनात आलं, पण नणंदेनं आवाजावरूनच ओळखलं.

‘‘गेला?’’

‘‘हो, ताई.’’

पलीकडं हुंदका फुटला. काहीतरी खडखडलं. नर्सचा आवाज आला.

‘‘ताई, रडा,’’ ती म्हणाली, ‘‘पण तो हात हलवू नका. सुई निघेल.’’

आणि नणंदेचं मशीन थांबेपर्यंत ती फोन कानाला लावून भिंतीशी उभी राहिली.