दुप्पट निळा

प्रयोगशाळेत कायमची जागा एक आणि उमेदवार सख्ख्या बहिणी दोन. थोरलीचं काम नीटनेटकं आणि कंटाळवाणं. धाकटीचं देखणं. साबणाच्या पाण्यात निळा रंग मिसळून ती तारेच्या चौकटीवर पडदा धरायची. पडदा पातळ होता होता जांभळा व्हायचा. साबणाच्या रेणूंच्या रांगेला रंगाचे रेणू पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक लागून बसायचे, आपसूक.

"ताई, जांभळा फार फिका येतोय गं. उद्या परीक्षकांना दिसेल?"

थोरलीने सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला नाही. "दुप्पट घाल रंग."

"पडदा टिकेल ना?"

"चिमे, तुला पोहायला कुणी शिकवलं?"

"तूच. ढकललंसही तूच."

"बुडलीस का?"

धाकटी हसली. तिने दुप्पट घातला.

दुसऱ्या दिवशी परीक्षक खुर्ची ओढून अगदी जवळ बसले. चौकट वर आली आणि फट्. पुन्हा धरली, फट्. तिसऱ्यांदा तिने घाईने उचलली आणि परीक्षकांच्या चष्म्यावर निळे शिंतोडे उडाले.

"पोरखेळच झाला की हा," ते चष्मा पुसत म्हणाले. "का फुटतोय पडदा?"

धाकटीने ताईकडे पाहिलं.

"मी सांगू का, सर?" थोरली पुढे झाली. "साबणाच्या डोक्यांवर ऋणभार असतो, रंगावर धनभार. पडद्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना दूर लोटतात, म्हणून तर तो उभा राहतो. रंग बेताचा असला की शोभतो. जास्त झाला की भार मिटतो, लोटायला काही उरत नाही, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात. संपलं."

"वा! मग हिला आधी का नाही सांगितलंत?"

"सख्खी बहीण आहे, सर. उद्या लोक म्हणाले असते, ताईने सांगितलं म्हणून जमलं."

परीक्षक खूश होऊन हसले. ताईने सांगितलं म्हणूनच दुप्पट घातला, हे धाकटीने त्या खोलीत म्हणायचं कसं?

संध्याकाळी निकाल लागला. आई फोनवर म्हणाली, "जागा घरातच राहिली ना? मग रडतेस काय, ताईचं तोंड गोड कर."

धाकटी बेसिनपाशी चौकट धूत होती. मागून थोरली आली, तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"कोपरे नीट घास हं. उद्यापासून हा प्रयोग मी करणार आहे. रंग बेताचा घालून."