टॉवेलची दांडी

"कागद कोरडाच आहे," मी म्हटलं, आणि माझंच तोंड कडू झालं.

ही तिसरी खेप होती. शॉवर अर्धा तास धो धो सोडून ठेवला होता. नळामागचा जोड दिसावा म्हणून बाथरूमच्या भिंतीला घरातल्या बोळाकडून वीतभर भगदाड पाडलं होतं आणि जोडाखाली वर्तमानपत्राचा कपटा चिकटवला होता. ही माझी जुनी रीत. डोळ्याला न दिसणारं पाणी कागदाला बरोबर कळतं. पण कपटा खडखडीत कोरडा, आणि खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई फोनवर सांगत होत्या की आत्ता छतातून थेंबसुद्धा नाही. सकाळी मात्र त्यांची गादी भिजली होती. रोज भिजते म्हणे, साडेनवाच्या सुमारास.

घरातली सून हाताची घडी घालून माझ्यामागे उभी होती. म्हणाली, "काका, हा जोड मागच्या महिन्यात तुम्हीच बदललात ना?"

बदलला होता. तिथंच तर सगळं घोडं अडलं होतं. चौतीस वर्षं नळाचं काम करतोय, पण माझ्या हातचा जोड गळला असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. या इमारतीतल्या चाळीस घरांचं काम माझ्याकडे आहे ते त्या एका बोलावर. आज गळती सापडली नाही तर दुसरा माणूस बोलावणार, असं सुनेनं आल्या आल्याच सांगितलं होतं. तो येणार, सबंध भिंत फोडणार आणि नाक वर करून म्हणणार, आधीच्यानं जोड कच्चा ठेवलाय.

मला एका जागी बसवेना. जाळी उघडली, परत बसवली. फरशीच्या सांध्यांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. साप साप म्हणून भुई धोपटणं नुसतं. शेवटी विचारलं, साडेनवाला आंघोळ कोण करतं?

"बाबा. आम्ही दोघं सातलाच उरकतो."

मग आवाज उतरवून तिनं सासऱ्यांची सगळी कहाणी सांगितली. गेल्या वर्षी ते बाथरूममध्ये पडले. तेव्हापासून आतून कडी लावू नका म्हणून रोज कटकट, आणि त्यांचा रोज हट्ट. आता पुन्हा जरा काही दिसलं तर कडी उपटायची आणि आंघोळ घालायला माणूस ठेवायचा, असं नवराबायकोनं ठरवून टाकलं होतं. ते बाबांच्या कानावर गेलं आणि तेव्हापासून ते कुणाशी धड बोलत नाहीत. हे सांगताना तिचे डोळे भरून आले. वाईट बाई नव्हती ती, धास्तावलेली होती.

मी बाबांना गाठलं. एके काळी विजेच्या खांबांवर चढणारा माणूस. मनगटं अजून जाडजूड, पाय मात्र काटक्या. म्हटलं, माझ्यासाठी आज पुन्हा एकदा आंघोळ करा. ते भडकले. मी काय तुमच्या पाण्याची टाकी आहे का, म्हणाले. भगदाडातून पाइपाशिवाय काही दिसत नाही हे मी त्यांना दोनदा दाखवलं, तेव्हा कुठं टॉवेल खांद्यावर टाकून आत गेले.

कडी लागली. शॉवर सुरू झाला. मी बोळात उकिडवा बसून भगदाडावर बॅटरी धरली. पाच मिनिटं काही नाही. सून फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. मग आत बाबांचं बसायचं स्टूल करकरलं, कुणीतरी दात आवळून कण्हावं तसा आवाज आला, आणि माझ्या डोळ्यांदेखत पाइप हलला. जोडाचं तोंड केसभर उघडलं आणि पाण्याची चिळकांडी थेट कागदावर.

सापडलं! मी ओरडणारच होतो. जोड माझा पक्का होता, त्याला कुणीतरी आतून हिसके देत होतं. पाइप पुन्हा हलला. पुन्हा जागेवर गेला. स्टूल पुन्हा करकरलं. मग बराच वेळ नुसतं पाणी पडत राहिलं आणि धापा ऐकू येत राहिल्या. तिसऱ्या हिसक्याला म्हातारा उठला. तोवर माझा आनंद कुठल्या कुठं गेला होता.

ते बाहेर आले ते भांग पाडून, शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावून. माझ्या हातातला भिजका कपटा त्यांनी पाहिला.

"दिसलं?"

"नळाला धरून उठता तुम्ही."

"गुडघे ऐकत नाहीत." त्यांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली. "सांगणार तिला?"

मला संताप आला होता, तो मी लपवला नाही. हळू आवाजात पण चांगलंच सुनावलं. तुमच्या लोंबकळण्यापायी माझं चौतीस वर्षांचं नाव मातीत चाललंय, म्हटलं. त्यांनी खालमानेनं सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुमचं. सांगून टाका," ते म्हणाले. "बाकी सगळं ही पोरंच करतात हो माझं. आंघोळ तेवढी माझी एकट्याची उरली होती."

मी पान्हा उचलला आणि कामाला लागलो. नवा जोड बसवला, पाइप दोन पट्ट्यांनी भिंतीला आवळला. मग स्टुलाच्या बाजूच्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर, एक पोलादी दांडी लावली. स्क्रू चार-चार इंची. स्वतः तिला लोंबकळून पाहिलं. बाबांना दटावलं की यापुढे ही धरायची, नळाला हात लावायचा नाही, आणि पाय घसरला तर लाज न धरता हाक मारायची. त्यांनी शाळकरी पोरासारखी मान हलवली.

सून आली. "काय होतं?"

मी पान्हा फडक्याला पुसत राहिलो. "जोडच," म्हटलं. "माझ्याकडून कच्चा राहिला होता."

"मग इतके दिवस ठासून 'नाही' का म्हणत होतात?" ती चिडली, आणि तिचं चिडणं रास्त होतं. मग दांडीकडे बोट केलं. "ही कशाला?"

"टॉवेलला. ओला टॉवेल उंचावर टांगला की भिंतीत पाणी मुरतं." असलं काही नसतं. पण नळवाल्यानं तोंड गंभीर ठेवून सांगितलं की लोकांना पटतं.

खाली नर्सबाईंनाही तेच सांगितलं. माझी चूक, आता गळणार नाही. दुसऱ्यांदाही ते काही सोपं गेलं नाही.

त्या इमारतीतून मला पुन्हा बोलावणं आलं नाही. दोन महिन्यांनी दुकानात सामान घेत होतो, तर शेजारच्या गल्लीतला नळवाला भेटला. आता तिथलं काम तो बघतो. चार लोकांसमोर म्हणाला, "काय काका, तुमचा जोड गळला म्हणे? आणि त्या बाथरूममध्ये टॉवेलच्या दांडीला चार इंची स्क्रू? टॉवेल टांगायचा होता का हत्ती?"

दुकानदारासकट सगळे हसले.

"दांडी हलतेय का रे?" मी विचारलं.

"छे. घट्ट आहे."

"मग झालं तर," म्हटलं, आणि दुकानदाराला माझे दोन वॉशर काढायला सांगितले.