खुणा पुसणारा अंगठा

"काकू, तू त्या वर्गाला शिकायला जातेस की नुसती खुर्ची अडवायला?"

प्रश्न खरं तर भोंग्याचा स्वतःचा नव्हता. शाळेतून येताना तिघी मैत्रिणींनी पैज लावली होती. खाली राहणारी तुझी ती काकू, जी जाता-येता आपल्याकडे असं बघते जणू आपण तिच्या घरातून काही उचलून नेलंय, तिला हे तोंडावर विचारून दाखव. नाही विचारलंस तर आजपासून तू भोंगा नाहीस, पिपाणी.

वादविवाद स्पर्धेत पहिली आल्यापासून घरीदारी सगळे तिला भोंगाच म्हणत, आणि तिला ते भलतंच आवडत होतं. आपण तोंड उघडलं की समोरचा गप्प बसतो, हा शोध तिला नुकताच लागला होता. नवी सायकल मिळाल्यावर कारण नसताना गल्लीत चकरा माराव्यात, तशी ती सध्या दिसेल त्याच्याशी वाद घालत होती. पिपाणी व्हायची तिची मुळीच तयारी नव्हती.

काकू दारातल्या पायरीवर बसून हातांना मलम चोळत होती. रुग्णालयाच्या लॉन्ड्रीत तिचं काम मळक्या बाजूला. वॉर्डांतून आलेली गाठोडी सोडायची, रक्ताच्या चादरी वेगळ्या, उलटीच्या वेगळ्या, चुकून गुंडाळून आलेल्या सुया वेगळ्या. दिवसभर हातमोज्यांत घामेजून तिच्या बोटांची सालं निघाली होती. प्रश्न ऐकून ती गप्प बसली नाही. तिने मलमाचं झाकण लावलं, सावकाश, आणि मग वर पाहिलं.

"आलीस होय आईची वकिली करायला."

भोंगा म्हणाली, आईचा काही संबंध नाही, मी माझी विचारतेय.

"मग तुझी तूच जाऊन विचार तिला. माझ्या खुणा रोज कोण पुसतं ते. आणि जिन्याखाली दडलेल्या त्या तीन कोंबड्यांना सांग, तिथे लाल मुंग्या आहेत."

जिन्याखालून तीन किंकाळ्या आल्या आणि तिघी मैत्रिणी पाय झटकत रस्त्याच्या टोकापर्यंत पळाल्या. पैज भोंग्याने जिंकली होती, पण ती जिंकल्याचं सांगायला कोणी उरलंच नाही. आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट अडकून बसली. खुणा कोण पुसतं?

खुणा कसल्या ते तिला माहीत होतं. आई आणि काकू, दोघी सख्ख्या जावा, दोघी त्याच लॉन्ड्रीत. लॉन्ड्रीच्या कँटीनमध्ये काम सुटल्यावर मोठ्यांचा वाचनाचा वर्ग भरायचा. वह्या-पुस्तकं नव्हती. पाटीएवढं एक करडं यंत्र, ज्याला सगळ्या जणी रीडर म्हणत. त्यात लॉन्ड्रीची नियमावली मोठ्या अक्षरांत भरलेली. अडलेल्या शब्दावर बोट दाबून धरलं की त्याच्यामागे राखाडी पट्टा उमटायचा. रीडर कँटीनमध्ये आला की ते सगळे पट्टे शिकवणाऱ्या बाईंच्या मोबाइलवर दिसायचे, आणि बाई नेमके तेच शब्द फळ्यावर फोडून सांगायच्या. मात्र रीडर मोजकेच, म्हणून एका पत्त्याला एक. आणि पत्ता यांचा एकच होता. वर मोठी जाऊ, खाली धाकटी.

आता या दोघी दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण, गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी. दिवसभर दुनियेच्या चादरी वाळवणाऱ्या या दोन बायका घरी येऊन एका दोरीवरून कायमच्या रुसल्या होत्या. आई तिला 'खालची' म्हणायची, काकू आईला 'वरची'. काका ट्रकवर, घरी असला तरी पाहुणाच. बाबा लिफ्टचा मेकॅनिक. दिवसभर लोकांना वर-खाली नेण्याची सोय करायचा आणि घरातल्या वर-खालीचा विषय निघाला की मोबाइलमध्ये तोंड घालायचा. त्यामुळे रीडर जिन्यावरून नेण्या-आणण्याचं काम भोंग्याच्या गळ्यात पडलं होतं. संध्याकाळी आधी काकूकडे, मग आईकडे, आणि सकाळी आईच्या पिशवीतून लॉन्ड्रीत.

म्हणजे शेवटचा हात नेहमी आईचा.

त्या संध्याकाळी काकूने रीडर न बोलता तिच्या हातावर आदळला. एरवी भोंगा दोन-दोन पायऱ्या एकदम चढायची. आज मधल्या वळणावर थांबून तिने तो उघडला. पानावर सात पट्टे होते. निर्जंतुकीकरण. तापमान. क्षमता. आणीबाणी. पुढच्या पानावरही पट्टे, त्याच्या पुढच्यावरही. 'आणीबाणी' तर तीनदा आला होता आणि तीनही वेळा त्याच्यामागे पट्टा होता. तिला आधी हसूच आलं. मग लक्षात आलं, की या बाईने प्रत्येक वेळी तो शब्द नव्याने वाचून पाहिला होता.

तिने रीडर आईला दिला आणि समोर भूगोलाचं पुस्तक उघडून बसली. पान उलटायचं काही तिला सुचलं नाही.

आईला म्हणे या यंत्रातलं काही कळत नाही. टीव्हीचा रिमोटसुद्धा ती भोंग्याच्या अंगावर टाकायची, तूच लाव बाई म्हणून. पण आता तिचा अंगठा काय सफाईने चालला होता. शब्दावर दाबायचं, चौकट उघडली की 'पुसा'. पुढचा. 'पुसा'. तांदूळ निवडताना खडे फेकावेत तशी ती एकेक खूण काढून टाकत होती, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

"आई, काय करतेस?"

आई म्हणाली, अभ्यास.

"कोणाचा?"

कोपऱ्यात बाबाच्या मोबाइलमधली बाई बातम्या सांगता सांगता एकदम मुकी झाली. म्हणजे तोही ऐकत होता.

भोंग्याने मग सगळं काढलं. शनिवारी काकूची चाचणी आहे हे तुला माहीत नाही का? नवी मशीनं येतायत, ती पडद्यावर लिहूनच बोलणार. ज्यांना तो पडदा वाचता येईल त्या स्वच्छ बाजूला जाणार, बाकीच्या मळक्या बाजूला सडणार. काकू एकदा नापास झालीय, आणि तिसरी संधी नाही. बाईंना तिचा एकही शब्द दिसत नसेल तर त्या शिकवणार काय, कप्पाळ?

आईने रीडर मांडीवर उपडा ठेवला. शांतपणे म्हणाली, की मी पास झालेय. झालेय ना? तरी मी पुसायला लागायच्या आधी बाई भर वर्गात मोबाइल बघून म्हणायच्या, या घरातून आज एवढे शब्द आले. कोणाचे ते यंत्र सांगायचं नाही. सगळ्या जणी वळून माझ्याकडे बघायच्या. ती खालची मात्र खिडकीबाहेर बघत असायची, साळसूद.

"म्हणून पुसायचे?"

"माझ्या घराच्या नावावर तिचं अडाणीपण कशाला?"

भोंग्याने रीडर ओढून घेतला आणि 'आणीबाणी' वर बोट ठेवून आईसमोर धरला. तिची खात्री होती की आई अडखळणार. स्पर्धेत असंच करायचं असतं, समोरच्याचं पितळ उघडं पाडायचं. वाच म्हणाली. आईने वाचलं, आणि तो शब्दच नाही, पूर्ण ओळ वाचली. आणीबाणीच्या प्रसंगी लाल कळ दाबून यंत्र तत्काळ बंद करावे. एकही अक्षर न चुकता, आणि वर विचारलं, अजून काही वाचून दाखवू का, परीक्षक बाई?

हे भोंग्याला अपेक्षित नव्हतं. ती क्षणभर खरोखर पिपाणी झाली.

"येतं तर मग तिला सांगत का नाहीस?"

"तिने विचारलं?"

"तू पुसतेस तेच तर तिचं विचारणं आहे ना."

आईचा आवाज पहिल्यांदा चढला. मी पहिल्या दिवशी उभी राहून मोठ्याने वाचलं, म्हणाली, तेव्हा वर्गात पहिली कोण हसली माहीत आहे? टेबलावर डोकं टेकून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाईंनी गप्प केलं तरी तोंडात पदर कोंबून हसत राहिली. मी घरी येऊन न्हाणीघरात बसून एकेक ओळ घोटली, नळ चालू ठेवून, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. मला कोणी शिकवलं? राहू दे तिला मळक्या बाजूला. हसायला वेळच वेळ मिळेल.

बाबा म्हणाला, सोडा ना आता, शेजारी ऐकतायत.

आई म्हणाली, तू तुझ्या लिफ्टमध्ये जाऊन बस.

टेबलावर डोकं टेकून हसणारी काकू भोंग्याला स्पष्ट दिसत होती, आणि तिच्या शेजारी जिन्याखाली खिदळणाऱ्या तिघी, आणि पायरीसमोर कमरेवर हात ठेवून उभी असलेली चौथी. खुर्ची अडवायला जातेस का. काय दिमाखात विचारलं होतं. काकूच्या बोटांवरचं मलम अजून वाळलंही नसेल.

तिला आईचा राग आला, काकूचा आला, आणि स्वतःचा सगळ्यात जास्त आला. पण रागावून गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं. ती उठली. भूगोल, गणित, कंपास दप्तरात कोंबलं. खाटेवरची उशी काखेत मारली. रीडर उचलला आणि त्याची वायरही भिंतीतून उपटली.

आई म्हणाली, तो ठेव खाली. भोंग्याने ठेवला नाही.

आई म्हणाली, ती तुला दारातही उभी करणार नाही, तिचा स्वभाव तुला ठाऊक नाही. भोंगा म्हणाली, ठाऊक आहे, आजच बघितलाय, आणि ती हाकलणार हेही ठाऊक आहे.

"मग निघालीस कुठे?" बाबाने विचारलं. मोबाइल त्याने आता खरोखरच बाजूला ठेवला होता.

ती दारात वळली. आवाज स्पर्धेतलाच होता, फक्त या वेळी टाळ्या वाजणार नव्हत्या हे तिला माहीत होतं.

"मी शनिवारपर्यंत खाली राहणार आहे. आत घेतलं तर आत, नाहीतर पायरीवर. अडलेला प्रत्येक शब्द मी तिच्याकडून वाचून घेणार, आणि रीडर शाळा सुटल्यावर मी स्वतः कँटीनमध्ये जाऊन बाईंच्या हातात देणार, सगळ्या खुणांसकट. तो आता वर येणार नाही. कोणाच्या खुणा आहेत असं वर्गात कोणी विचारलं, तर आई, तू खुशाल काकूकडे बोट दाखव. पण पुसायच्या नाहीत."