वेस्ता माझ्यावरच बसला होता

मित्रांनो, मी एका सरकारी कचेरीच्या व्हरांड्यातला जुना बाक आहे. गाव धुळे. कचेरीचं नाव सांगत नाही, पण राग सांगणार आहे.

चिंधा मिस्त्रींनी मला अस्सल सागाचा घडवला. साहेबांकडे आलेली माणसं माझ्यावर बसत आणि पट्टेवाला वेस्ता दारातून एकेकाचं नाव पुकारी. पुकाऱ्याशिवाय कुणी उंबरा ओलांडायचा नाही. दोंडाईचाचे रिखबचंद शेठ एकदा तसेच घुसायला लागले, तर त्यांनाही त्यानं माझ्यावर आणून बसवलं. रोज सकाळी मला पुसताना तो म्हणायचा, "साहेबनी खुर्चीपेक्षा तू भारी शे."

१९६८ साली एक लखोटा हरवला. ठपका वेस्तावर आला. त्याला घरी बसवलं आणि चौकशीची तारीख दिली, सकाळी अकराची.

तो दहालाच आला. धुतलेला सदरा, खिशात रुमालात बांधलेली पोच. लखोटा ज्या कारकुनाला दिला त्याची सही तिच्यावर होती. तेवढी दाखवली की नोकरी वाचणार होती. तो माझ्यावर बसून पुकाऱ्याची वाट बघू लागला.

आता सांगा, पुकारणार कोण? पुकारणाराच बाहेर बसलेला. त्याच्या जागी माणूस नेमायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि हेडक्लार्क तोतारामनाना काही खुर्चीतून हलले नाहीत. पाच वाजता त्यांनी कागदावर लिहिलं, 'तीन वेळा पुकारूनही गैरहजर'. धादांत खोटं!

आठ दिवसांत बडतर्फीचा हुकूम निघाला. वेस्ता धावत आला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "नाना, मी ते आठेच बठेल व्हतू. माले कोनी हाकच नही मारी."

"मग आत यायचं होतंस," नाना म्हणाले.

नऊ वर्षं नियमानं लोकांना दाराबाहेर थांबवणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. त्यानं रुमाल सोडायला घेतला, तर नाना म्हणाले, "हुकूम निघाला. आता कागद दाखवून काय उपयोग?"

वेस्ता कोर्टात गेला. दोन वर्षं गेली. त्याची बायको धनीबाई डोंगरातून मोळ्या आणून विकत होती. इथं मला कुणी पुसलं नाही. माझा एक पाय मोडला, त्याखाली वीट लावली.

शेवटी कोर्टानं बजावलं, आधी याचं म्हणणं ऐका, मग ठरवा. नव्या पट्टेवाल्यानं नाव पुकारलं. वेस्ता आत गेला, त्यानं रुमाल सोडला. सगळं पाच मिनिटांत आटोपलं. साहेबांनी सही पाहून बडतर्फी रद्द केली आणि ते म्हणाले, "अरे, मग हे आधी का नाही दाखवलंस?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. वेस्तानं फक्त उघड्या दारातून माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी साहेब होईल. एखाद्याला कामावरून काढायची सही करण्याआधी खुर्चीतून उठा आणि दार उघडून बाहेर बघा. मी इथंच असतो, आणि माझ्यावर कुणीतरी बसलेलं असतं.