गिरणीवाल्याचा धक्का

आमच्या गिरणीत पट्टा सुरू असला की पायाखालची फरशी थरथरते, वरचा पत्रा थरथरतो, डब्यांची झाकणं थरथरतात. आमचे घरधनी तिथं पंचवीस वर्षं उभे आहेत. जेवायला बसले तरी हातातली वाटी थोडा वेळ हलत राहते. त्यामुळे त्या दुपारी भूकंप झाला तो सगळ्या गावाला कळला, त्यांना मात्र कळला नाही.

माणसं घराबाहेर पळाली, कुणी हातातला घास तसाच घेऊन, कुणी एका पायात चप्पल घालून. हे डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरे होऊन दारात आले आणि विचारलं, "कोण गेलं?"

समोरचा लोहार म्हणाला, "गेलं कुणी नाही, दादा. धरणी हलली. तू कुठे होतास?"

ते 'कुठे होतास' यांना फार लागलं. गावात कुणाची सोयरीक ठरली, कुणाची गाय व्याली, ते आधी गिरणीत कळायचं आणि मग गावात. आता दळण घेऊन येणारा प्रत्येक जण यांनाच सांगायला लागला. लोहाराची ऐरण म्हणे जागेवरून सरकली. आमच्या सासूबाईंना शेजारून हाक मारली तरी ऐकू येत नाही, पण त्यांनाही गुडघ्यात जाणवलं. हे मान हलवत राहायचे आणि पीठ जास्तच जाडं पडायचं.

तिसऱ्या दिवशी कचेरीतून एक कारकून छापील कागद घेऊन आला. कुणाला काय जाणवलं ते घरोघरी लिहून घेत होता. यांच्यापुढे त्यानं लिहिलं, 'जाणवला नाही.' आणि जाता जाता सांगून गेला, की अजून एखादा बारीक धक्का यायचा संभव आहे, शांत पडून असलेल्याला तो कळेल.

हे आत आले आणि पट्टा उतरवून ठेवला. म्हणाले, "गिरणी चालू ठेवली तर हाही हुकायचा."

तेव्हापासून हे देव्हाऱ्याजवळच्या खाटेवर पडून. उशाशी स्टुलावर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला. घरात कुणी पाय आपटायचा नाही. सासूबाईंना खोकला आला की त्यांनी अंगणात जाऊन खोकायचं. मला भांडी घासायची ती विहिरीवर नेऊन. एक माशी पेल्यावर बसली तर हे उठून बसले आणि अर्धा तास तिच्यावर रागावून होते.

ओट्यावर डब्यांची रांग लागली. गावानं पाच दिवस धान्य नुसतं उकडून खाल्लं. लोहारानं सुचवून पाहिलं, की आपण चौघं खाटेचा एकेक पाय धरून हलवतो, समाधान करून घे. हे म्हणाले, "माणसांनी हलवलेलं मला नको." मग लोहारही चिडला. उद्या उन्हं ओट्यावर यायच्या आत पट्टा सुरू झाला नाही, तर सगळे डबे गाडीत घालून पलीकडच्या गावच्या गिरणीवर न्यायचे, असं ठरलं. एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे मला ठाऊक होतं. यांनाही ठाऊक होतं. तरी हे उठले नाहीत.

मी रोज अंघोळ झाली की जपाला बसते आणि माळ पुरी होईपर्यंत तोंड उघडत नाही. अकरा वर्षांचा नेम आहे. एकदा उंबऱ्यावर साप आला होता, तेव्हाही मी सासूबाईंना नुसतं बोट दाखवलं होतं.

त्या सकाळी मी देवापुढे बसले होते. बाहेर डबे गाडीत चढत होते. पाच दिवस डोळ्यांत तेल घालून जागलेल्या यांना नेमका तेव्हाच डोळा लागला होता, भिंतीकडे तोंड करून घोरत होते. माझी अर्धी माळ झाली असेल, तेवढ्यात खिळ्याला लटकलेली पळी हलली. वारा नव्हता. समईची ज्योत ताठ होती, पण पेल्यातल्या पाण्यावर गोल उठत होते.

हाक मारावी तर नेम मोडतो, न मारावी तर गिरणी जाते. मी बसल्या जागेवरून हात लांब केला, खाटेचा पाय धरला आणि गदागदा हलवला. घाबरले होते, त्यामुळे जरा जास्तच हलवला. पेला कलंडला. हे दचकून वळायच्या आत मी हात मागे घेतला होता आणि पुढचा मणी ओढला होता. पळी तेव्हा थांबत आली होती.

हे गंजिफ्रॉकवरच ओट्यावर धावले. "आला," म्हणाले, "मला आला."

गाडी भरणाऱ्यांना काहीच जाणवलं नव्हतं. लोहार तर त्या वेळी घण मारत होता. सासूबाई म्हणाल्या, गुडघे गप्प आहेत. म्हणजे साऱ्या गावात तो एकट्या यांनाच आला. माझी माळ पुरी व्हायच्या आत पट्टा सुरू झाला, आणि डबे गाडीतून उतरले.

चार दिवसांनी कारकून पुन्हा आला. धक्का कोणत्या बाजूनं आला म्हणून विचारलं. हे म्हणाले, देवाच्या बाजूनं. आवाज झाला का, म्हणून विचारलं.

"झाला ना. बारीक. बांगड्या वाजाव्यात तसा."

कारकुनानं लिहिता लिहिता माझ्या हातांकडे पाहिलं. "ताई, तुम्हाला काय जाणवलं?"

खोटं बोलायचं नाही, हाही माझा नेम आहे. मी म्हटलं, "मी जपाला बसले होते. पळी हलताना डोळ्यांनी पाहिली. खाटही हलताना पाहिली."

त्यानं तसंच लिहून घेतलं. हे त्या दिवशी इतकं बारीक पीठ दळत होते, की बायकांनी नावाजलं.

काल संध्याकाळी लोहाराची बायको आली. दुसरा धक्का हुकल्यापासून लोहारानं भाता बंद ठेवलाय, खाटेवर पडून असतो, सहा नांगरांचे फाळ तसेच पडलेत. पदराशी चाळा करत ती हळूच म्हणाली, "वहिनी, तुमचा तो जपाचा नेम धरायला अवघड असतो का हो?"

"अवघड काही नाही," मी म्हटलं. "फक्त खाटेपासून हातभर अंतरावर बसायचं."