आठपर्यंतचा दिवा

सत्यभामाबाईंनी धानाच्या चुडातला, रोपांच्या झुपक्यातला, वाळका फुटवा दोन बोटांत धरून ओढला. तो जराही अडला नाही, अलगद हातात आला. खालचं टोक कुरतडलेलं होतं. तो त्यांनी कृषी सहायक रिताच्या तळहातावर ठेवला आणि दुसरा ओढला.

रितानं धानाच्या त्या बांधीत चार ठिकाणी वाकून पाहिलं, मग मान वर करून तलावाच्या पाळीवरच्या उंच दिव्याकडे. खोडकिडा आहे, ती म्हणाली. त्याचे पतंग उजेडाकडे येतात आणि तिथल्याच धानावर अंडी घालतात. म्हणून अंधारातल्या बांध्या हिरव्या आहेत आणि ही वाळते आहे. फवारणी तर कराच, पण लोंब निसवून बाहेर येईपर्यंत रात्रीचा दिवा बंद राहिला तर बरंचसं धान वाचेल.

"ग्रामपंचायतीत सांगा ना, काकू. तुमचं ऐकतील."

सत्यभामाबाईंनी हातातला दुसरा फुटवा बांधावर टाकला. तो दिवा त्यांच्याच अर्जावर लागला होता. चार वर्षांपूर्वी त्यांचे पती श्रावण याच पाळीवरून घरी येताना अंधारात साप चावून गेले. तेरवी झाल्यावर त्या ग्रामसभेत उभ्या राहिल्या, जन्मात पहिल्यांदा. दिवा लागला. पण दिवस मावळल्यावर त्या स्वतः पाळीवर कधी गेल्या नाहीत.

पतंग त्यांना नवे नव्हते. लग्नानंतरच्या पहिल्या भादव्यात श्रावण बांधीत तीन काठ्यांना कंदील टांगायचे. खाली घमेल्यात पाणी आणि रॉकेलचे चार थेंब. साऱ्या शिवारात तेवढाच उजेड. सत्यभामाबाई डब्यात भात आणि अंबाडीची भाजी घेऊन जायच्या. पिवळसर पतंग घमेल्यात पडायचे आणि श्रावण ते मोजायचे, म्हणजे उद्या औषध मारायचं की नाही ते ठरे. मोजता मोजता बोलायला लागत, आकडा चुके आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. ते मुद्दाम चुकत होते, हे सत्यभामाबाईंच्या फार उशिरा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी त्या सरपंच चंद्रभान यांच्याकडे गेल्या. पूर्ण बंद नको, आठ वाजता बंद करा, म्हणाल्या. लाखांदूरच्या कापड दुकानात काम करणारी कामिनी साडेसातच्या एसटीनं फाट्यावर उतरते आणि पाळीवरूनच येते. ती घरी पोचली की मग उजेडाचं काम नाही. चंद्रभाननं दोनदा विचारून घेतलं.

"वहिनी, तुमीच मांगला होता हा दिवा."

"मीच मांगला. आता मीच बंद करा म्हणून राहिली."

दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी आठ वाजून गेले, दिवा विझला, पण कामिनी अंगणावरून गेलेली दिसली नाही. बसला उशीर झाला असणार. सत्यभामाबाई थोडा वेळ दारात उभ्या राहिल्या. मग टॉर्च आणि काठी घेऊन निघाल्या.

पाळीवर पहिलं पाऊल टाकण्याआधी त्या थांबल्या. काठी आपटली. चालू लागल्या. सांडव्याजवळ, जिथे श्रावण सापडले होते, तिथे त्यांनी टॉर्च खाली धरला. गवत होतं, दव होतं, एक बेडूक उडी मारून पाण्यात गेला. एवढंच.

बस फाट्यावर थांबली. कामिनी उतरली आणि समोरचा अंधार पाहून जागीच उभी राहिली.

"काकू? तुमी काहून आल्या?"

"चाल. माह्या मागं ये."

येताना कामिनी घाबरली होती, म्हणून सत्यभामाबाईच बोलत राहिल्या. कंदिलाचं सांगितलं, घमेल्याचं सांगितलं. श्रावणचं नाव त्यांच्या तोंडी चार वर्षांत इतक्यांदा आलं नव्हतं. सांडवा कधी मागे पडला ते त्यांना कळलं नाही.

लोंब निसवली तेव्हा दिव्याखालचा एक पट्टा पांढरा, पोचट निघाला. बाकीचं धान भरलं. कापणी झाल्यावर चंद्रभाननं दिवा पुन्हा रात्रभर सुरू केला. सत्यभामाबाई तरी साडेसातला फाट्यावर येऊन उभ्या राहत.

एकदा कामिनीनं बसमधून उतरता उतरता म्हटलं,

"आता तं दिवा हाय, काकू. कायले येता?"

"हाव, हाय ना," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन पाळीकडे चालू लागल्या.