पाण्याला भिणारी बाटली

मी एक जुनी तपकिरी बाटली आहे आणि मला पाण्याची भीती वाटते. हसू नका, मित्रांनो. माझ्या पोटात सोडियम आहे.

काचेच्या भट्टीतून निघाले ती थेट रावेर तालुक्यातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत आले. माझ्यात सोडियमचे खडे आणि ते बुडतील इतके रॉकेल भरले गेले. तेव्हापासून माझे एकच काम, त्याला हवा-पाणी लागू न देणे.

कपाटातले शेजारी बरे होते. तांब्याची तार खरी धातूची जात. ओढा, वाकवा, वीज सोडा, तिची तक्रार नाही. गंधक अधातू. ठोकला की भुगा होतो आणि विजेला जवळ फिरकू देत नाही. सिलिकॉन या दोघांच्या मधला, धातूसारखा चमकतो आणि ठोकला की फुटतो. छताच्या जुन्या बल्बमध्ये आरगॉन होता. तो राजवायू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मला त्याचा फार हेवा वाटे. कारण माझा सोडियम धातू असूनही सुरीने कापता येईल इतका मऊ, पण स्वभावाने भलताच तापट. त्याच्याजवळचा एक इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी गळ्यात मारायची त्याला सदा घाई. पाणी भेटले की तो देऊन टाकतो, हायड्रोजन निघतो आणि कधी कधी भडका उडतो.

पूर्वी दरवर्षी त्याचा मोहरीएवढा कण पाण्यात टाकून दाखवत. मुले टाळ्या वाजवत आणि मी जीव मुठीत धरून बसे. पुढे प्रयोग पडद्यावर दिसू लागला. माझ्याकडे कुणी फिरकेना. अंगावरची चिठ्ठी पुसट झाली आणि एक दिवस गळून पडली.

या मार्चमध्ये विज्ञान प्रदर्शनासाठी साफसफाई निघाली. ताईबाई अठरा वर्षांपासून ही शाळा झाडतात आणि सकाळी केळीचे घड भरायला जातात. त्यांच्या पदरावर केळीच्या चिकाचा काळा डाग पडला होता. तो साबणाने जात नाही, रॉकेलने जातो, हे आमच्याकडे कुणालाही विचारा. पण रेशनचे रॉकेल बंद झाल्यापासून ते घरात मिळते कुठे? मला पुसताना त्यांना ओळखीचा वास आला. त्यांनी रॉकेल वाटीत ओतून घेतले आणि पदर चोळला. डाग निघाला. माझ्या पोटात खडे उघडे पडले.

बाई प्रामाणिक. तेलकट बाटली तशीच कशी ठेवायची, म्हणून त्यांनी मला धुवायला नळाखाली नेले. मी भीतीने गारठले. मी फुटले तर माझ्या काचा त्यांच्याच डोळ्यांत जाणार होत्या आणि मला ओरडता येत नव्हते. त्यांचा हात तोटीवर गेला.

"ताईबाई, नळ सोडू नका. बाटली तशीच कोरड्या ओट्यावर ठेवा."

दारात विज्ञानाच्या मेघा मॅडम होत्या. ताईबाई दचकू नयेत म्हणून त्या हळू बोलल्या, पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"काबर मॅडम? धून ठेवते ना."

मॅडमनी वाटीतले रॉकेल पुन्हा माझ्यात ओतले. मग डोळ्यांना चष्मा लावून, ताईबाईंना लांब उभे करून एक कण घमेल्यातल्या पाण्यात टाकला. तो फुसफुसत पाण्यावर धावला आणि पिवळा जाळ करून विझला. ताईबाईंनी आधी माझ्यातले मोठाले खडे पाहिले, मग स्वतःचा हात पाहिला.

"अठरा साल झाले, मी या कपाटाची धूय पुसते. इतकी आग हाये, तं मले कोनी सांगतलं काबर नही?"

मॅडम खाली बघत म्हणाल्या, "पोरांना दरवर्षी सांगितलं. तुम्हाला सांगायचं राहून गेलं. चूक माझी आहे."

ताईबाईंना वाचता येत नाही. म्हणून माझ्या नव्या चिठ्ठीवर नावाखाली एक नळ काढला आहे आणि त्यावर लाल फुली.

मित्रांनो, धोक्याच्या वस्तूवर नाव लिहा आणि ती पुसणाऱ्या माणसालाही त्याचा अर्थ सांगा. मी आज सुखरूप आहे, पण माझी भीती गेलेली नाही. माझ्यासारख्या बिनचिठ्ठीच्या बाटल्या आणखी कितीतरी कपाटांत असतील, आणि त्यातली एखादी आत्ता कुणीतरी धुवायला घेतली असेल.